लायगन रस्ता ते कोबर्ग : मेलबर्नच्या इटालियन वस्तीतून निधिसंकलनासाठी सायकलफेरी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही फेरी नेमकी कशाची आहे?

मेलबर्नमध्ये राहणाऱ्या आम्ही काही मराठी सायकलस्वारांनी सुरू केलेली ही छोटी फेरी आहे. मार्च महिन्यातील एका रविवारी सकाळी आम्ही कार्लटनमधील आर्गाइल चौकात जमतो आणि शहराच्या उत्तर भागातील जुन्या इटालियन वस्तीतून सावकाश, थांबत थांबत कोबर्गपर्यंत जातो. वाटेतील प्रत्येक थांब्यावर त्या जागेची माहिती मराठीतून सांगितली जाते. सहभाग शुल्क आणि देणग्या यांतून जमलेली रक्कम इटालियन भाषक वृद्धांना घरी जाऊन भेटणाऱ्या स्वयंसेवकांच्या कामासाठी दिली जाते. ही शर्यत नाही. येथे कोणाचीही वेळ मोजली जात नाही आणि पहिल्या येणाऱ्याला बक्षीसही नसते.

मराठी माणसांनी इटालियन लोकांच्या वस्तीची फेरी का काढावी?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो विचारणाऱ्यांमध्ये आमचे आईवडीलही असतात, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर देतो.

१९०१ साली ऑस्ट्रेलियाने स्थलांतरावर निर्बंध घालणारा कायदा केला आणि पुढची अनेक दशके या देशाचे दार गोऱ्या, त्यातही शक्यतो ब्रिटिश वंशाच्या लोकांपुरतेच उघडे राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना आणि धरणांच्या कामांना माणसे कमी पडू लागली, तेव्हा ते दार दक्षिण युरोपच्या दिशेने थोडे किलकिले झाले. मार्च १९५१ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि इटली यांच्यात करार होऊन प्रवासखर्चाला साहाय्य मिळालेले इटालियन लोक येऊ लागले. त्या बदल्यात सरकार सांगेल ते काम दोन वर्षे करण्याचे बंधन त्यांच्यावर होते. त्यांच्यापैकी अनेकांना प्रथम वोडोंगाजवळच्या बोनेगिला छावणीत ठेवले जाई. १९५२ च्या जुलैमध्ये, आश्वासन मिळालेले काम मिळत नाही म्हणून त्या छावणीतील इटालियन तरुणांनी जाहीर निदर्शने केली. त्यांच्या उच्चारांची, जेवणातल्या लसणाची आणि मोठ्याने बोलण्याची टिंगल झाली. ती सोसत त्यांनी येथे घरे घेतली, दुकाने थाटली आणि परकी भाषा बोलणारा शेजारी कसा असतो याची या शहराला सवय लावली.

आपल्यासाठी दार उघडले ते नंतर, आणि त्या घटनेचा सायकलशी संबंध आहे. मार्च १९६६ मध्ये युरोपबाहेरच्या शिक्षित आणि कुशल लोकांसाठी स्थलांतराचे नियम सैल केल्याची घोषणा ज्या मंत्र्यांनी केली, ते सर ह्यूबर्ट ऑपरमन एके काळी जगातील नावाजलेले सायकलपटू होते. १९२८ आणि १९३१ साली ते टूर द फ्रान्समध्ये उतरले होते आणि १९३१ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही प्रदीर्घ शर्यत त्यांनी जिंकली होती. पुढे १९७३ साली वंशावर आधारलेले उरलेसुरले निकषही काढून टाकण्यात आले. आज येथे गणेशोत्सवाला सभागृह भरते, त्यामागे हा सगळा इतिहास आहे. ज्यांनी आपल्याआधी येऊन वाट मळवली, त्यांच्याविषयी आपल्याला काहीच माहिती नसावी, हे आम्हांला बरे वाटले नाही.

सुरुवात आर्गाइल चौकातूनच का होते?

या चौकाच्या एका भागाला पियाझ्झा इटालिया असे नाव आहे आणि तेथे जमिनीवर एक मोठे सूर्यघड्याळ बसवलेले आहे. मेलबर्न आणि मिलान ही शहरे २००४ पासून भगिनी-शहरे आहेत आणि हे घड्याळ त्या नात्याची खूण आहे. शंभर सायकली उभ्या राहतील एवढी मोकळी जागा येथे आहे, हेही तितकेच महत्त्वाचे कारण आहे. शिवाय येथून लायगन रस्ता थेट समोर दिसतो.

लायगन रस्ता पूर्वीपासून इटालियन होता, असे मात्र समजू नये. ही सारी भूमी मुळात वुरुंडजेरी या मूलनिवासी लोकांची आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान कार्लटनमध्ये ज्यू कुटुंबांची मोठी वस्ती होती. इटालियनांपैकी आधी आले ते वाजंत्री लोक. बाझिलिकाता प्रांतातील विज्जानो या डोंगराळ गावातून हार्प आणि व्हायोलिन वाजवणारी घराणी १९ व्या शतकाच्या अखेरीस कार्लटनमध्ये राहू लागली आणि रस्त्यांवर, समारंभांत वाजवून पोट भरू लागली. युद्धानंतर मोठी लाट आली, तेव्हा कार्लटनमधील चिंचोळी, भिंतीला भिंत लागून असलेली घरे स्वस्त होती आणि कामाची ठिकाणे जवळ होती. एका घरात दोन-तीन कुटुंबे राहत. पैसे साठले की माणसे उत्तरेला ब्रन्सविक, कोबर्ग आणि त्याही पलीकडे स्वतःच्या अंगणाच्या घरात जात. आमचा मार्ग त्यांच्या त्याच वाटेने जातो.

बोर्सारी कोण होते? त्यांच्या कोपऱ्यावर आपण इतका वेळ का थांबतो?

लायगन आणि ग्रॅटन या रस्त्यांच्या कोपऱ्याला लोक आजही बोर्सारीचा कोपरा म्हणतात. निनो बोर्सारी यांचा जन्म १९११ साली मोदेनाजवळच्या कावेझ्झो येथे झाला. १९३२ च्या लॉस अँजेलिस ऑलिंपिकमध्ये चार जणांच्या सांघिक पाठलाग शर्यतीत सुवर्णपदक मिळवणाऱ्या इटालियन संघात ते होते. १९३४ साली मेलबर्नच्या शताब्दीनिमित्त झालेल्या सायकल शर्यतीसाठी ते प्रथम ऑस्ट्रेलियात आले. पुढे पुन्हा आले असताना महायुद्ध पेटले, परतीची वाट बंद झाली आणि ते येथलेच झाले. या कोपऱ्यावर त्यांनी सायकलींचे दुकान काढले.

इमारतीवर निऑन दिव्यांच्या नळ्यांनी काढलेला एक सायकलस्वार आहे. तो पुढे वाकलेला असून हात खाली वळलेल्या हँडलवर आहेत. आम्ही तेथे पोहोचतो तेव्हा लख्ख ऊन असते, त्यामुळे काचेच्या नुसत्या नळ्या दिसतात आणि त्यांच्यावर बसलेली धूळही दिसते. ज्यांना शक्य असेल त्यांनी एखाद्या संध्याकाळी मुद्दाम येऊन ते चिन्ह पाहावे, असे आम्ही दर वर्षी सांगतो.

भाषा न येणाऱ्या नवख्या माणसाला गावाकडच्या बोलीत कोणीतरी बोलणारे भेटणे ही केवढी मोठी गोष्ट असते, हे आपल्यापैकी जे पहिल्या आठवड्यात दादर किंवा नाशिकचा आवाज ऐकायला आसुसले होते त्यांना वेगळे सांगायला नको. सायकल ही त्या काळच्या कामगाराची गाडी होती. ऑलिंपिक विजेत्या देशबांधवाच्या दुकानात आपली सायकल घेऊन जाताना त्या माणसांना काय वाटत असेल, याचा विचार मी त्या कोपऱ्यावर उभा राहून नेहमी करतो.

पुढचा मार्ग कसा आहे?

लायगन रस्त्यानेच पुढे फॅरडे रस्त्याच्या कोपऱ्यावर किंग अँड गॉडफ्री हे १८८४ साली सुरू झालेले आणि नंतर इटालियन कुटुंबाच्या हाती आलेले किराणा दुकान लागते. फॅरडे रस्त्यावरच को-अस-इत या इटालियन साहाय्य संस्थेचे मुझेओ इटालियानो हे संग्रहालय आहे. एवढ्या सायकली घेऊन आत जाणे शक्य नसते, म्हणून आपण ते बाहेरून पाहतो. त्यासाठी वेगळा दिवस काढावा, तो वाया जात नाही. तेथून कॅनिंग रस्त्यावर वळतो. मधोमध झाडे असलेला हा शांत रस्ता सायकलस्वारांचा लाडका आहे आणि येथे प्रथमच सगळ्यांना गप्पा मारत चालवता येते. पार्क रस्त्याशी जुन्या रेल्वेमार्गावर केलेली पायवाट मिळते. तिने पश्चिमेकडे जाऊन अपफील्ड रेल्वेमार्गालगतच्या सायकलवाटेला लागायचे आणि ब्रन्सविकमार्गे कोबर्गला पोहोचायचे. शेवटच्या टप्प्यात ही वाट उन्नत रेल्वेमार्गाच्या खालून जाते, त्यामुळे सावली मिळते.

अंतर किती आहे? मला जमेल का?

एका बाजूचे अंतर साधारण आठ किलोमीटर आहे. मार्ग बहुतेक सपाट असून उत्तरेकडे अगदी हलका चढ आहे. थांबे धरून साडेतीन तास लागतात. ज्यांना सायकल चालवता येते पण गेली दहा वर्षे चालवलेली नाही, अशांनी आधी दोन-तीन वेळा घराजवळ तासभर सराव करावा, म्हणजे बसायला त्रास होणार नाही. सर्वांत मागे आमचे दोन स्वयंसेवक असतात आणि ते कोणालाही मागे सोडत नाहीत.

कोणती सायकल चालेल?

ब्रेक आणि घंटी नीट असलेली कोणतीही. विजेवर चालणारी सायकलही चालेल, मात्र ती कायद्याने मान्य असलेली, म्हणजे पायडलला साहाय्य करणारी, २५० वॅटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरला साहाय्य थांबवणारी असावी. आदल्या दिवशी चाकांत हवा भरावी. आपल्या मापाची एक जादा ट्यूब सोबत ठेवावी, कारण पंक्चर काढायला मदत मिळेल, पण प्रत्येक मापाची ट्यूब आमच्याकडे नसते.

ट्रामच्या रुळांची भीती वाटते. काय करावे?

ही भीती रास्त आहे. मागे एका वर्षी आमच्या एका मैत्रिणीचे पुढचे चाक ओल्या रुळाच्या खाचेत गेले आणि पडून तिच्या मनगटाला दुखापत झाली. तेव्हापासून लायगन रस्त्याच्या ज्या भागात रूळ नाहीत तोच भाग आम्ही मार्गात ठेवला आहे. तरीही घरून येता-जाता रूळ लागतीलच. रूळ शक्य तितक्या काटकोनात ओलांडावा, त्याला समांतर जाऊन हळूच पलीकडे घसरण्याचा प्रयत्न करू नये, आणि पाऊस झालेला असेल तर उतरून सायकल हाताने ओढावी. थांबलेल्या ट्रामची दारे उघडी असताना तिच्या बाजूने पुढे जाण्यास कायद्याने मनाई आहे. वाहतुकीतून उजवीकडे वळणे अवघड वाटत असेल, तर सायकलस्वाराला डाव्या कडेने चौक ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यावर थांबून मग उजवीकडे निघता येते, आणि नवख्यांनी तसेच करावे.

हेल्मेट सक्तीचे आहे. १ जुलै १९९० रोजी व्हिक्टोरिया राज्याने सायकलस्वारांसाठी हेल्मेट बंधनकारक केले आणि असा कायदा करणारे ते जगातील पहिले राज्य ठरले. फेटा किंवा गांधी टोपी घालून फेरीत येण्याची इच्छा आम्हांला समजते, पण ती पोहोचल्यावर छायाचित्रासाठी घालावी.

मुलांना आणता येईल का?

अवश्य आणावे. तेरा वर्षांखालील मुले पदपथावरून चालवू शकतात आणि त्यांच्या सोबतची मोठी व्यक्तीही पदपथावर राहू शकते. मुलांसाठी शुल्क नाही.

जमा झालेला पैसा नेमका कशावर खर्च होतो?

सत्तर वर्षांपूर्वी विशीत आलेली माणसे आज नव्वदीत आहेत. कारखान्यात, बांधकामावर आणि शिवणयंत्रावर काम करताना शिकलेले इंग्रजी म्हातारपणी, विशेषतः स्मृतिभ्रंश झाल्यावर, आधी निसटते आणि आईच्या तोंडून ऐकलेली भाषा शेवटपर्यंत राहते. हे सर्वत्र दिसणारे दुःख आहे. मुले इंग्रजीत बोलतात, नातवंडांना दोन-चार शब्द येतात, आणि घरातल्या घरात माणूस मुका होतो. त्यातही अनेकांची खरी भाषा म्हणजे पुस्तकी इटालियन नव्हे. कोणी सिसिलियन बोलतो, कोणी कालाब्रियन, कोणी व्हेनेतो किंवा फ्रिउली प्रांताची बोली. मालवणी किंवा अहिराणी माणसाशी पुण्याच्या मराठीत बोलावे आणि त्याने नुसती मान हलवावी, तसे त्यांचे होते.

आपला निधी ज्या कामाला जातो, त्यात स्वयंसेवक ठरलेल्या दिवशी अशा वृद्धांच्या घरी जाऊन त्यांच्या बोलीत तासभर बोलतात, पत्ते खेळतात आणि आलेली सरकारी पत्रे वाचून दाखवतात. त्यांचा प्रवासखर्च आणि प्रशिक्षण यांसाठी पैसा लागतो. फेरीचा सर्व खर्च आयोजक स्वतः करतात, त्यामुळे जमलेली पूर्ण रक्कम पुढे जाते आणि तिचा हिशेब सर्व सहभागींना पाठवला जातो.

आपले आईवडील येथे आले आहेत आणि आपणही येथेच म्हातारे होणार आहोत. तेव्हा कोणी मराठीत बोलायला येईल का, हा प्रश्न पहिल्याच वर्षी आमच्यापैकी एका काकांनी विचारला होता, आणि त्यावर अजून विचार चालू आहे.

शुल्क किती? करसवलत मिळते का?

प्रौढांसाठी २५ डॉलर. शुल्काच्या बदल्यात आपल्याला न्याहारी मिळते, त्यामुळे ती रक्कम देणगी धरली जात नाही. वेगळी देणगी द्यायची असल्यास ती थेट संस्थेच्या नावे द्यावी. मान्यताप्राप्त संस्थेला दिलेली २ डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेची देणगी करसवलतीस पात्र असते आणि तिची पावती संस्था देते.

वाटेत खायला काय असते? शाकाहारी मंडळींची सोय होते का?

होते, पण थोडे जपून राहावे लागते. अस्सल पार्मेझान चीज तयार करताना दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरले जाते, आणि कान्नोली या गोड नळीच्या कणकेत अनेक ठिकाणी डुकराची चरबी असते. हे पाहून दिसत नाही, म्हणून विचारून घ्यावे. आम्ही न्याहारीसाठी रोझमेरी आणि मीठ घातलेला फोकाच्चा पाव, टोमॅटो आणि ऑलिव्ह ठेवतो. अंडी न खाणाऱ्यांनी फळांचे जिलाटो, म्हणजे इटालियन आइस्क्रीम, घ्यावे, कारण दुधाच्या प्रकारांत काही वेळा अंडे असते. ब्रन्सविकमध्ये सिडनी रस्त्यावर मेडिटरेनियन होलसेलर्स हे प्रशस्त दुकान आहे. तेथे अर्धा तास ठेवला असला, तरी डाळी आणि बेसनाच्या कपाटापाशी आपली माणसे जास्त रेंगाळतात, हा अनुभव आहे. काबुली चण्याचे पीठ लिगुरियाच्या आणि सिसिलीच्या स्वयंपाकातही वापरतात.

फेरी मार्चमध्येच का?

उन्हाळा सरत आलेला असतो, हवा सुखाची असते आणि अंजिरे पिकलेली असतात. ब्रन्सविकच्या मागच्या गल्ल्यांतून जाताना कुंपणावरून बाहेर झुकलेल्या फांद्या दिसतात आणि खाली निळसर काळ्या दगडांवर फुटलेली अंजिरे पडलेली असतात. इटालियन अंगण ओळखता येते. पुढे सिमेंट, मागे टोमॅटो, तुळशीचा चुलत भाऊ शोभेल असा बासिल, द्राक्षाचा मांडव आणि बहुतेक ठिकाणी एक अंजीर.

उन्हाळ्याच्या शेवटी येथील इटालियन कुटुंबांचा टोमॅटोचा दिवस असतो. एका घरच्या नॉन्नांनी, म्हणजे आजींनी, एकदा आम्हांला तो बघायला बोलावले होते. गॅरेजमध्ये पहाटेपासून पेट्याच्या पेट्या उघडलेल्या होत्या. कोणी डाग कापत होते, कोणी यंत्रातून गर काढत होते आणि साल व बिया दुसऱ्यांदा त्याच यंत्रात टाकत होते, कारण पहिल्या वेळी बराच गर सालीला चिकटून राहतो. गर बिअरच्या जुन्या तपकिरी बाटल्यांत भरून प्रत्येक बाटलीत बासिलचे एक पान घालायचे, हातयंत्राने बिल्ला बसवायचा आणि बाटल्या एकमेकींवर आपटून फुटू नयेत म्हणून मध्ये जुनी पोती घालून पत्र्याच्या पिंपात उकळायच्या. पिंप रात्रभर तसेच निवू द्यायचे. उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घालताना आमच्या घरी जशी आजी खाटेवरून हुकूम सोडायची आणि सगळ्यांना तोच चीक वाटीतून चाखायला मिळायचा, तसेच ते दृश्य होते. नॉन्नांनी आम्हांला निघताना एक बाटली दिली आणि पुढच्या वर्षी रिकामी परत आणायला बजावले.

युद्धाचा विषय फेरीत का काढता?

कारण तो टाळून ही वस्ती समजत नाही. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर येथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या हजारो इटालियनांना शत्रुदेशाचे म्हणून स्थानबद्ध करण्यात आले. घरातला कमावता पुरुष तातुरासारख्या छावणीत आणि बायको-मुले शेजाऱ्यांच्या नजरांखाली, अशी स्थिती अनेक घरांत होती. त्याशिवाय उत्तर आफ्रिकेत पकडलेले सुमारे १८,००० इटालियन युद्धकैदी ऑस्ट्रेलियात आणले गेले, आणि त्यांच्यापैकी बरेच जण आधी भारतातील छावण्यांत ठेवलेले होते. मर्चिसन येथे १९६१ साली बांधलेल्या स्मारकात येथे मृत्यू पावलेल्या कैद्यांचे आणि स्थानबद्धांचे अवशेष आहेत. ते आपल्या मार्गापासून फार दूर आहे, पण त्याविषयी आम्ही थांब्यावर सांगतो.

बर्क रस्त्यावरचे पेलेग्रिनीज मार्गात का नाही?

१९५४ साली सुरू झालेले ते कॉफीचे दुकान शहराच्या ऐन मध्यभागी, ट्राममार्गावर आहे, आणि शंभर सायकली तेथे नेणे सुरक्षित नाही. अनेकांना ते पाहायचे असते ते सिस्तो मालास्पिना यांच्या आठवणीसाठी. १९७४ पासून ते या दुकानाचे भागीदार होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये बर्क रस्त्यावर झालेल्या चाकूहल्ल्यात त्यांचा जीव गेला. दुकानाच्या दारात लोकांनी फुलांचा ढीग घातला आणि राज्य सरकारने त्यांना शासकीय इतमामाने निरोप दिला. फेरीनंतर ज्यांना जायचे असेल ते ट्रामने एकत्र जातात.

इटालियन येत नाही. वाटेत कोणी बोलले तर?

बोलावे. सकाळी "बुओन जोर्नो" म्हणावे. वयस्क माणसाला "चाओ" म्हणू नये, ते बरोबरीच्यांना म्हणतात. आपल्या "तू" आणि "आपण" सारखाच फरक इटालियनमध्येही आहे आणि वडीलधाऱ्यांना तो जाणवतो. अंगणाची स्तुती केली की बहुधा हातात काहीतरी पडते, तेव्हा पाठीवर पिशवी असावी. विचारल्याशिवाय कोणाचे किंवा कोणाच्या घराचे छायाचित्र घेऊ नये.

पाऊस आला किंवा ऊन फार असले तर?

रिमझिम असली तर फेरी होते. वादळाचा इशारा असल्यास किंवा तापमान ३५ अंशांवर जाणार असल्यास ती पुढच्या रविवारी घेतली जाते. निर्णय आदल्या संध्याकाळी कळवला जातो.

कोबर्गहून परत कसे यायचे?

ज्यांना सायकलने परतायचे आहे त्यांच्यासाठी एक तुकडी त्याच वाटेने निघते. बाकीच्यांनी कोबर्ग स्थानकावरून अपफील्ड मार्गाची गाडी घ्यावी. शहरातील रेल्वेगाड्यांत सायकल विनाशुल्क नेता येते, ट्राममध्ये मात्र घडीची सायकलच चालते. पहिल्या डब्याच्या पहिल्या दारातून सायकल चढवू नये. ती जागा चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्या प्रवाशांसाठी असते.